निम्म्यावर मिटतं

९ नोव्हेंबर २०२०, सोमवार

...आणि माझा मुद्दा असा होता, जो तू कूस बदलून झोपलीस म्हणून अर्धा राहिला, की मी जोरात चालवतच नाही. रस्ता रिकामा आहे. सरकारने लोकांना घरात कोंडलंय, त्यात माझा काय दोष? रिकाम्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा जोरात दिसेल.

ही वही अपूर्वाने दिली. हॉस्पिटलात कुठल्याशा औषध कंपनीने वाटलेली आहे, पहिल्या पानावर गुडघ्याचं चित्र. म्हणाली, "उपेंद्र, मी सलग चौथी नाइट करून आलेय. तुला जे भांडायचंय ते ह्यात भांड. मी वाचणार नाही, शपथ." आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. म्हणून मी आता गुडघ्याशी भांडतोय.

भांडण जुनंच आहे. ती म्हणते, मी गाडी चालवताना मनात कुणाशी तरी वाद घालत असतो आणि वाद रंगला की पाय खाली जातो. हे साफ खोटं आहे. आज सकाळी बेकरीचे पाव पोचवून परत येताना ह्याच मुद्द्यावर तिला काय काय सुनवायचं ते ठरवत होतो, तर आमचं वळण मागे गेलं आणि मी पुढच्या गावात पोचलो.

घरी पोस्टमनने पाकीट टाकलेलं. इथल्या, म्हणजे आयर्लंडच्या, पोलिसांचं. २७ ऑक्टोबरला पन्नासची पाटी असलेल्या रस्त्यावर एकाहत्तरने गाडी चालवली म्हणून. दंड ऐंशी युरो, अठ्ठावीस दिवसांत भरा. वर लायसन्सवर तीन पॉइंट.

ती जागा मला आठवते. रस्त्याकडेला पांढरी व्हॅन उभी होती. मला वाटलं बिचारा बंद पडलाय. इकडे किलकेनीच्या आसपास खेड्यात समोरून कुणीही आलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून राम राम करतात. मला ही पद्धत फार आवडते, मी न चुकता करतो. त्या व्हॅनलाही केला. स्पीडचा कॅमेरा तिच्यातच होता. कॅमेऱ्याला राम राम करून दंड घेणारा मी जिल्ह्यातला पहिला असेन.

पाकीट प्रेसमध्ये तांदळाच्या डब्यामागे कोंबलं. (इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. मला वर्षभर वाटायचं, घरोघरी इस्त्रीचं काय इतकं बोलतात.) अपूर्वाला कळता कामा नये. जुलैत मोबाइल हातात धरला म्हणून साठ युरो आणि तीन पॉइंट झाले होते, तेव्हा तिने मला न विचारता तिच्या कार्डाने भरून टाकले. मी दोन दिवस बोललो नाही. बायकोच्या पगारातून दंड भरणारा नवरा! शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, ह्यापुढे तुझा कुठलाही दंड भरणार नाही की त्याबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही. जोवर तू होऊन सांगत नाहीस." अपूर्वा शब्दाची पक्की आहे. तेवढं एक बरं आहे.

११ नोव्हेंबर

आप्पांना फोन केला. कायद्याच्या बाबतीत मी दुसऱ्या कुणाला मानत नाही. मिरजेच्या कोर्टासमोर त्यांची टपरी आहे, झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्प. तीस वर्षं. नाव बाळासाहेब, पण वकिलांपासून पट्टेवाल्यांपर्यंत सगळे 'बाळासाहेब झेरॉक्स' म्हणतात. मार्चपासून कोर्टात माणूस नाही, म्हणून टपरीही बंद. मी महिन्याला अडीचशे युरो पाठवतो, त्यावर आई आणि ते चालवतात. ते मला कधी आकडा विचारत नाहीत, आईला विचारतात.

"आप्पा, माझ्या एका मित्राला दंड आलाय. स्पीडचा."

"भरला का?"

"नाही अजून."

"शहाणा आहे. आत्ता भरणारा येडा. लोकअदालतीपर्यंत थांब म्हणावं. दुसऱ्या शनिवारी लागते. जुने दंड निम्म्यावर मिटतात. जितकं जुनं, तितकं सरकार कंटाळतं. मी किती बघितलेत."

"पण हे आयर्लंड आहे."

"इंग्रजांनी घालून दिलेलंच सगळं ना?"

"आप्पा, इथल्या लोकांना इंग्रज म्हटलं की राग येतो."

"मग तर आपलीच माणसं की रे! निम्म्याच्याही खाली येतील."

हा मुद्दा मला एकदम पटला. वर म्हणाले, "आणि मित्राला सांग, कागदाच्या तीन प्रती काढ. एक साहेबाला, एक सरकारी वकिलाला, एक आपल्याला. कोर्टात तोंडापेक्षा कागद बोलतो."

४ डिसेंबर

अठ्ठावीस दिवस संपले. पत्राच्या खालच्या भागात बारीक अक्षरात लिहिलंय, आता एकशेवीस. ते वाचायला डब्यामागून पत्र काढलं. मी तर चुरगळून कोंबलं होतं, निघालं सरळ, नीट घडी घातलेलं, पाकिटात. म्हणजे मी कितीही घाईत असलो तरी हात मूळचे शिस्तीचे. नववीत दोनदा बसलेल्या मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

एकशेवीस भरावेत का? मनात आलं होतं. पण ऐंशीला न भरणारा मी एकशेवीसला भरला तर आप्पा काय म्हणतील. म्हणजे मित्राला काय म्हणतील.

४ जानेवारी २०२१

एकशेवीसची मुदतही गेली. काही आलं नाही. सरकार कंटाळलं.

अपूर्वा परवा भात लावताना म्हणाली, "हा तांदूळ रोज मीच काढते रे ह्या डब्यातून." मी म्हटलं, मग मी उद्यापासून काढतो. ती माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक दमली आहे. त्यांच्या वॉर्डात सध्या खाट रिकामी नाही. पीपीई काढल्यावर तिच्या नाकावर वळ उठलेला असतो, तो मी तिला घरी आणताना रोज बघतो आणि गाडी हळू चालवतो. ती गाडीत असली की माझ्या मनात वाद चालत नाहीत, समोरासमोर चालतात.

२१ फेब्रुवारी

काही नाही. पाव, पाऊस, पाव.

लिहावं असं एक. नोएल, म्हणजे आमच्या बेकरीचा मालक, म्हणाला, "उप्पी, इतक्या वर्षांत पाव इतक्या वेळेवर पोचवणारा तूच पहिला." मी छाती फुगवून घरी सांगितलं. अपूर्वा म्हणाली, "वेळेआधी पोचतो, हे त्यांनी नीट मोजलं नसेल."

१२ मे

समन्स. कोर्टाचं. २१ सप्टेंबर, सकाळी साडेदहा.

आधी दाराला कडी घातली, खोटं का बोलू. मग सोबतचा कागद वाचला. त्यात लिहिलंय, अजूनही कोर्टाच्या सात दिवस आधीपर्यंत पोस्टात एकशेसाठ भरले तर कोर्टात यायला नको आणि पॉइंट तीनच. कोर्टात दोषी ठरलात तर पॉइंट पाच.

ऐंशी, एकशेवीस, एकशेसाठ. असा उलटा लिलाव मी जन्मात बघितला नाही. मंडईत कोथिंबीरवाली सकाळी वीसला जुडी देते, अकरा वाजता दहाला, एक वाजता पाचला, आणि मग म्हणते घेऊन जा रे बाबा. मी सहा वर्षं टेम्पोने भाजी ओढलीय, मला बाजार कळतो. (अपूर्वा मला भेटली तीच भाजीमुळे. तिच्या नर्सिंग हॉस्टेलच्या मेसला मी माल टाकायचो. कोबी खराब म्हणून ती माझ्याशी भांडली. कोबी खराबच होता.) तर ज्याला घाई असते तो भाव हलवतो. इथे सरकार तिसऱ्यांदा भाव हलवतंय. म्हणजे घाई कुणाला आहे?

पाच पॉइंट झाले तरी बिघडत नाही. बारा झाले की लायसन्स जातं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. माझे तीन आणि पाच, आठ. चार शिल्लक.

१९ मे

अपूर्वाने ड्रायव्हिंगचे धडे लावले! तिचं शिकाऊ लायसन्स दोन वर्षं पडून होतं. आम्ही दोघांनी एकदमच थिअरीची परीक्षा दिली होती, ती पहिल्या झटक्यात पास, मी तिसऱ्या. तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि आता अचानक. मारी नावाची साठीची बाई येते, तासाला चाळीस युरो. घरात हाडाचा ड्रायव्हर बसलाय आणि हिला चाळीस युरो!

"मी शिकवतो की," म्हटलं.

"तू शिकवू शकत नाहीस. दोन वर्षं जुनं लायसन्स लागतं. तुझं गेल्या वर्षीचं आहे, मागे N ची पाटी आहे अजून तुझ्या."

"पण एवढी घाई कसली?"

"सप्टेंबरपर्यंत टेस्ट मिळतेय. हॉस्पिटलवाल्यांना आधी देतात."

"सप्टेंबरच का?"

"तूच सांग," म्हणाली आणि मारीच्या गाडीत जाऊन बसली. आता तिच्या टेस्टची तारीख मला कशी माहीत असणार? लग्नाला चार वर्षं झाली तरी हिचं बोलणं मला अर्धं कळत नाही.

१० जुलै

नोएलला सांगून टाकलं. कुणालातरी सांगायला हवंच होतं, गुडघा काही उत्तर देत नाही. नोएलने पिठाचे हात अॅप्रनला पुसले. म्हणाला, "ग्रँड. काळजी सोड. कोर्टात एकच वाक्य म्हणायचं. 'जज, मला पत्र मिळालंच नाही.' माझा मेहुणा असाच सुटला."

"कधी?"

"झाली सात-आठ वर्षं."

"पण पत्र मिळालंय."

"तुला मिळालंय, मला मिळालंय का? कोर्टाला काय माहीत?" मग म्हणाला, "उप्पी, लायसन्स सांभाळ बाबा. व्हॅन तुझी, चालवणारा तू, म्हणून हा फेरा तुझा. तू गाडीवर नसलास तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आत पॅकिंगला हात हवे असतात, पण तिथे निम्मा दिवस काम आणि निम्मा पगार."

म्हटलं, चार पॉइंट शिल्लक आहेत.

त्या वाक्याचा सराव सुरू केलाय. क्रेट उचलताना म्हणतो. 'जज, आय नेव्हर गॉट इट.' लय चांगली बसते, दर क्रेटला एकदा.

आणि पोलिसांकडून माझा फोटोही मागवला. कागद पुरा हवा. फोटोत मी स्पष्ट दिसतो. बोट वर. चेहऱ्यावर असा काही प्रेमळ भाव, की आईला पाठवावा.

२९ ऑगस्ट

अपूर्वा टेस्टसाठी थिअरीच्या पुस्तकाची उजळणी करते आणि पुस्तक टेबलावर उघडंच टाकून ड्यूटीला जाते. काल बंद करून ठेवलं. आज परत तेच पान उघडं, वर मिठाची बरणी. शिकलेल्या माणसांना पसाऱ्याचं काही वाटत नाही. कुकर गरम होता, ठेवायला काही सापडेना, त्याच पानावर ठेवला.

ती संध्याकाळी आली, कुकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तू ना, देवमाणूस आहेस." असं ती क्वचित म्हणते.

१४ सप्टेंबर

एकशेसाठची मुदत आज संपली. दिवसभर मस्त वाटलं. तीनदा लिलाव झाला, तीनदा मी हललो नाही.

अपूर्वाने सकाळी आणि दुपारी दोनदा विचारलं, "आज काही काम आहे का तुझं? पोस्टात वगैरे?" म्हटलं, नाही. "मी गाडी घेऊन मारीबरोबर पोस्टावरूनच जातेय," म्हणाली. म्हटलं, जा की. मग दारात उभी राहिली बराच वेळ, हातात पाकीट, चपला घालून. काहीतरी विसरली असावी.

१६ सप्टेंबर

मेलो.

कुकरचा डाग पुसायला पुस्तक घेतलं. पानावर बुडाचा गोल वळ उठलाय, आणि वळाच्या आत छापलंय: शिकाऊ आणि नवीन ड्रायव्हर, म्हणजे N ची पाटी लावलेले, ह्यांची मर्यादा सात. बारा नाही. सात. सात झाले की सहा महिने लायसन्स बंद.

माझे तीन. नोव्हेंबरात ऐंशी भरले असते तर तीन आणि तीन सहा. डिसेंबरात एकशेवीस भरले असते तरी सहा. परवाच्या मंगळवारी एकशेसाठ भरले असते तरी सहा. आता आठ.

हे पुस्तक मी तीनदा वाचलंय. परीक्षेलाच तीनदा बसलोय. तरी हे पान मला भेटलं ते कुकरखाली.

पोस्टात पळालो. खिडकीतल्या बाईने कागद उलटसुलट बघितला. म्हणाली, "ह्याची तारीख मंगळवारी गेली, लव्ह. सिस्टीम घेत नाही." मी एकशेसाठ काचेखालून सरकवले. तिने परत सरकवले. मी म्हटलं, दोनशे घ्या. ती म्हणाली, "मी पोस्टात आहे, मार्टमध्ये नाही." मार्ट म्हणजे इथला जनावरांचा बाजार.

आता वकील करावा तर तो तीनशे-चारशे मागेल असं नोएल म्हणतो, आणि सांगणार काय, की अशिलाने लोकअदालतीची वाट बघितली? एकच आशा उरली. ते वाक्य.

२१ सप्टेंबर, मंगळवार

पांढरा शर्ट घातला. अपूर्वाला सांगितलं, बेकरीत तपासणी आहे. तिने काही न विचारता इस्त्री केली आणि कॉलर नीट केली.

आप्पांनी सांगितल्याप्रमाणे फाइल तयार होती. पारदर्शक फोल्डर. मूळ पत्र, समन्स, फोटो, लायसन्स, पासपोर्ट, व्हिसाचं कार्ड, लग्नाचा दाखला (कधी काय मागतील सांगता येत नाही). तारखेवार, प्रत्येकी तीन प्रती.

दगडी इमारत, बाहेर मास्क लावून रांग. आत सोडायचे पाच-पाच जण. जज बाई, बारीक, चष्मा, आवाज आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखा. माझ्या आधीचा एक धिप्पाड माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "जज, मला पत्र मिळालंच नाही." माझंच वाक्य! जज म्हणाल्या, "समन्स मिळालं ना? त्यासोबत पुन्हा भरायची संधी होती. ती मिळाली का?" मिळाली होती. दोनशे दंड. त्याच्यानंतर एक पोरगी. तेच वाक्य, तोच प्रश्न, दीडशे. नोएलच्या मेहुण्याचा काळ सरला होता. मी ठरवलं, काय वाट्टेल ते झालं तरी ते वाक्य म्हणायचं नाही.

नाव पुकारलं. खरं बोलेन म्हणून शपथ घेतली. जजने विचारलं, काही कागद द्यायचेत का? ह्या प्रश्नाची मी दहा महिने वाट बघत होतो. एक संच जजना, एक संच पोलीस साहेबांना, एक माझ्याकडे. पटापट. आप्पांनी बघायला हवं होतं. जज पहिलं पान वाचायला लागल्या.

"बोला," म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडून निघालं. अडीच महिन्यांचे क्रेट बोलले. "जज, आय नेव्हर गॉट इट."

जजनी चष्म्यावरून बघितलं. "मग माझ्या हातात हे काय आहे?"

"ती झेरॉक्स आहे, जज," मी म्हटलं. "मूळ प्रत माझ्याजवळ आहे."

कोर्टात मास्कच्या आड हसू येतं तेव्हा खांदे हलतात, हे मला आज कळलं. पोलीस साहेबांचे तर पोटापर्यंत हलत होते.

जज हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी असं धरते की तुम्ही गोंधळलात. पुन्हा विचारते. मिळालं होतं?"

"मिळालं होतं."

"कधी?"

"नऊ नोव्हेंबर. सोमवार."

"मग भरलं का नाही?"

आता उरलं होतं ते खरंच. मी लोकअदालतीचं सांगितलं. दुसरा शनिवार सांगितला. निम्म्यावर मिटतं हे सांगितलं, जितकं जुनं तितकं सरकार कंटाळतं हेसुद्धा. कोर्टात इतकी शांतता झाली की मला वाटलं पटलं सगळ्यांना. जज म्हणाल्या, "आणि अशी पद्धत तुमच्याकडे खरोखर आहे?"

"आहे, जज. माझे वडील कोर्टातच असतात."

"न्यायाधीश आहेत?"

"नाही. दारात. झेरॉक्स."

त्यांनी फोटो उचलून धरला. "हे बोट?"

"नमस्कार, जज."

"निदान सभ्य आहात," म्हणाल्या. "पण आमच्याकडे दुसऱ्या शनिवारी कोर्ट बंद असतं." दंड एकशे ऐंशी, भरायला तीन महिने. मी विचारलं, पॉइंट कमी होतील का, माझं कामच गाडीवर आहे, घरी पैसे जातात. म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही. कायद्याने पाच म्हणजे पाच." आवाज थोडा खाली आला होता. त्याने काही फरक पडत नाही, पण लिहून ठेवतो.

घरी येऊन अपूर्वाला सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. "पाच पॉइंट पडले," म्हणालो. ती चपाती लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आठ झाले. सहा महिने गेले."

बीएस्सी झालेल्या माणसाचं गणित पक्कं असतं. मला कुकर लागला.

मग तिने लाटणं बाजूला ठेवलं, पिठाच्या हातांनी माझे दोन्ही कान धरले आणि कपाळ माझ्या छातीवर आपटलं, तीन-चारदा, बऱ्यापैकी जोरात. "सांगितलंस बाबा एकदाचं," म्हणाली. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

८ ऑक्टोबर

सरकारी पत्र आलं. ५ नोव्हेंबरपासून सहा महिने गाडी बंद. हे पत्र मी डब्यामागे ठेवलं नाही, टेबलावर ठेवलं.

त्याच टपालात दुसरी बातमी. अपूर्वा टेस्ट पास झाल्याचं सर्टिफिकेट मारीने चॉकलेटसकट पाठवलं. पहिल्याच प्रयत्नात. योगायोग बघा, नेमकं माझं लायसन्स जातंय आणि तिचं येतंय. ह्या वर्षात नशिबाने एवढं एकच दान नीट टाकलं. तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "हो रे, नशीबच."

५ नोव्हेंबर, पाडवा

तिने ओवाळलं. दरवर्षी ओवाळणीत काहीतरी घालतो, गेल्या वर्षी कानातले होते. ह्या वर्षी खिसा रिकामा, दंडाचा हप्ता गेलाय. व्हॅनची किल्ली घातली तबकात. निरांजनाशेजारी किल्ली पडली तसा ठण्ण आवाज झाला.

मग जेवून चक्कर मारायला निघालो. तिचंही लायसन्स नवीन, म्हणजे N ची पाटी काढायचीही गरज पडली नाही, फक्त माणूस बदलला. मी पहिल्यांदाच त्या व्हॅनमध्ये डाव्या बाजूला बसलो. ती अगदी पन्नासला पन्नास चालवते. मागे ट्रॅक्टर लागला तरी पन्नास. समोरून एक जण आला, त्याने बोट उचललं. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते, म्हणून मी डावीकडून उचललं.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आत पॅकिंगचा पहिला पगार झाला. निम्म्याहून कमी. नोएलने फेरा दुसऱ्या पोराला दिला, ब्राझीलचा आहे, हळू चालवतो, पाव गार पोचतात म्हणून लोक कुरकुरतात. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आप्पांना आज फोन केला. त्यांनी आपणहून विचारलं, "त्या तुझ्या मित्राचं काय झालं रे? मिटलं का निम्म्यावर?"

"आप्पा, मित्र मीच होतो."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मी सगळं सांगितलं. झेरॉक्सचं सांगितलं तेव्हा वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे मी थांब म्हणालो म्हणून थांबलास?"

आवाज असा, की तीस वर्षं टपरीवर लोकांना सल्ला देणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःचा कागद तपासतोय.

"छे हो आप्पा," म्हटलं, "मी आधीच ठरवलं होतं भरायचं नाही. तुमच्याशी बोलायच्या आधीच. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते."

"हां," म्हणाले. "तू पहिल्यापासून हट्टीच." आणि आवाज जरा सुटला. कोर्टात मला एक वाक्य धड बोलता आलं नाही, हे मात्र अडखळलो नाही.

मग म्हणाले, "ह्या महिन्यात काही पाठवू नको. कोर्ट सुरू झालंय, टपरी जोरात आहे." आईने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, मशीन दीड वर्ष बंद राहून जाम झालंय, दुरुस्तीवाला अजून यायचाय, आणि जोरात-बिरात काही नाही.

अपूर्वा शेजारीच बसून ऐकत होती. म्हणाली, "मी वर घालते, अडीचशे पूर्ण करू. त्यांना कळणारही नाही." गेल्या वर्षीच्या जुलैतला मी असतो तर दोन दिवस बोललो नसतो. आज म्हटलं, "वीज, भाडं, पेट्रोल तू भरतेच आहेस, ते मी मुकाट्याने घेतोय. पण हे राहू दे. आप्पांना सगळं खरं सांगितलंय, तर आकडाही खराच जाऊ दे." ती बरं म्हणाली आणि पैसे पाठवायला उघडलेला स्वतःचा फोन उलटा करून ठेवला.

दंडाचा हप्ता बाजूला काढला. घरखर्चात माझा वाटा घातला, जेवढा जमला तेवढा. उरलेलं दोनदा मोजलं.

पाठवतोय, पंच्याण्णव युरो.